उकिरड्याची दैना आणि केनियाची कॉफी

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या इंदूरच्या उकिरड्याची दैना मात्र अशी काही फिटली की त्याचे नाव आफ्रिकेतल्या केनियाच्या कॉफीमळ्यांत गेले, तिथून टांगानिकात पोचले आणि महासागर ओलांडून मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकापर्यंत जाऊन बसले. इंग्रजीत शेतीवर लिहिणारे लोक आजही कुजलेल्या खताचा विषय निघाला की 'इंदूर पद्धत' हा शब्द वापरतात. होळकरांचे इंदूर, सराफ्यातल्या खाऊचे इंदूर, स्वच्छतेत पहिल्या क्रमांकाचे इंदूर आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. खताचे इंदूर मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही. आणि त्या खतावरच्या मूळ पुस्तकावर एक मराठी आडनाव छापलेले आहे, हे तर फारच थोड्यांना माहीत असेल. यंदाच्या स्मरणिकेत हा विषय घेण्याचे आमचे कारण तेच आहे.

होळकर दरबारची तीनशे एकर

गोष्ट सुरू होते १९२४ साली. तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या कारकिर्दीत इंदूर दरबाराने शहरालगतची सुमारे ३०० एकर जमीन एका नव्या संस्थेला दिली. संस्थेचे नाव 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'. पैसा मुख्यतः इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. हेतू कापसाचा होता. माळव्याच्या काळ्या मातीत कापूस अधिक आणि चांगला कसा पिकेल याचा शोध घ्यायचा, एवढेच काम संस्थेला नेमून दिलेले होते. कॉफीचा तिथे कुठेही संबंध नव्हता, आणि माळव्यात कॉफीचे झाडही नव्हते.

संस्थेचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड. इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. जन्म १८७३चा, शिक्षण केंब्रिजचे. आधी वेस्ट इंडीजमध्ये पिकांवरच्या बुरशीचा अभ्यास केला, मग १९०५ साली बिहारातल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही केंब्रिजच्या, वनस्पतींच्या शरीरक्रियेवर स्वतंत्र संशोधन केलेल्या विदुषी. दोघांनी मिळून पुसा इथे गव्हाचे जे वाण काढले त्यांना मोठे नाव मिळाले.

पण हॉवर्ड यांचे मन पुशात रमेना. तिथे एक माणूस बियाणे पाही, दुसरा माती पाही, तिसरा कीड पाही, आणि आख्खे शेत कोणीच पाहत नसे. रोग आला की औषध शोधायचे, या रीतीवर त्यांचा विश्वास नव्हता. रोग का आला हे आधी बघावे आणि त्यासाठी मातीपासून सुरुवात करावी, असे त्यांचे म्हणणे. आपल्याला खरी शेती शिकवली ती हिंदुस्थानातल्या रयतेने आणि पिकांवरच्या किडींनी, हेच आपले गुरुजी, असे ते पुढे लिहून ठेवतात. साहेबाच्या तोंडी त्या काळात हे बोलणे विरळाच. कापसाच्या पैशावर, पण स्वतःच्या मताने चालवता येईल अशी संस्था त्यांना हवी होती, ती इंदूरला मिळाली.

खड्ड्यातले शास्त्र

कापसाचा अभ्यास करता करता प्रश्न येऊन ठेपला तो खताशी. माळव्यातला शेतकरी खत जाणत नव्हता असे नाही. शेणखत त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. पण चूल पेटवायला सरपण कमी, म्हणून शेणाच्या गोवऱ्या होत आणि जाळल्या जात. शेतात पोचे ते उरलेसुरले, तेही उन्हापावसात उघड्यावर पडून सत्त्व गेलेले. गोमूत्र तर गोठ्याच्या जमिनीत मुरून जाई. दुसऱ्या बाजूला पऱ्हाट्या, तुरकाट्या, उसाचे पाचट, पालापाचोळा, तण असा काडीकचरा ढिगाने पडलेला. तो काही सहज कुजत नाही. पऱ्हाटी तशीच जमिनीत गाडली तर उलट नुकसान, कारण ती कुजवणारे जीवजंतू मातीतलेच नत्र खातात आणि पीक पिवळे पडते.

चीनमधले शेतकरी हजारो वर्षे काडीकचरा, माती आणि जनावरांची घाण एकत्र कुजवून जमीन सुपीक ठेवत आले आहेत, हे अमेरिकन शास्त्रज्ञ किंग यांच्या १९११ साली निघालेल्या पुस्तकातून हॉवर्ड यांनी वाचले होते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे गव्हाच्या काडाचे रासायनिक द्रव्ये घालून खत करण्याचा प्रयोगही झालेला होता. इंदूरला या सगळ्याचा मेळ घातला गेला, आणि तो अशा वस्तूंनी की ज्या कोणत्याही खेड्यात फुकट मिळतील.

कृती अशी. पऱ्हाट्यांसारख्या टणक वस्तू गाडीरस्त्यावर पसरून ठेवायच्या. बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली त्या चांगल्या चेंगरतात. मग असा मिसळलेला काडीकचरा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा, म्हणजे शेण आणि मूत्र त्यात भिनते. गोठ्यातली मूत्राने भिजलेली मातीही खणून घ्यायची. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन फूट खोल असा उथळ खड्डा करायचा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर मूत्रमाती आणि लाकडाची राख, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा, पुन्हा काडीकचरा, असे थर रचत जायचे. विरजण म्हणून आधीच्या खड्ड्यातले अर्धवट कुजलेले खत थोडे घालायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचायचा.

मग ढीग तापतो. हात घालवणार नाही इतका तापतो, आणि तो तापला म्हणजे काम नीट चालू आहे असे समजावे. आधी बुरशी काम करते, मागाहून जिवाणू. त्यांना हवा लागते आणि ओलावा लागतो. म्हणून साधारण पंधरवड्याने पहिली खालीवर, महिन्याने दुसरी आणि दोन महिन्यांनी तिसरी. प्रत्येक खेपेला पाणी शिंपडायचे. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, ओल्या मातीच्या वासाचे खत तयार होते. पऱ्हाटी त्यात ओळखूही येत नाही.

यातली खरी युक्ती शेणाच्या हिशेबात आहे. निव्वळ शेणखत करायचे तर शेण पुष्कळ लागते. इथे शेण विरजणापुरते. जे शेण आहे तेवढ्यातच कितीतरी पट काडीकचरा कुजवून घ्यायचा. काडीत कर्ब फार, नत्र कमी. शेण-मूत्रात नत्र. दोहोंचे प्रमाण जमले तर ढीग तापतो, चुकले तर नुसता पडून राहतो किंवा सडून नाकाला रुमाल लावायला लावतो. हे प्रमाण पदोपदी मोजून पाहणे हे रसायनशाळेचे काम होते, आणि त्या रसायनशाळेकडे आपल्याला पुढे यायचेच आहे.

कॉफीचे दुखणे

आता कॉफीकडे वळू. कॉफीचे बोंड लाल झाले की तोडतात. त्याची साल आणि गर यंत्राने काढतात, आतल्या बिया पाण्यात आंबवतात, धुतात, वाळवतात. एक किलो तयार बी मिळवायला पाच-सहा किलो ताजी बोंडे लागतात. बाकीचे सगळे, म्हणजे साल, गर, चिकट पाणी आणि टरफल, मळ्यावरच राहते. मळेवाले ते ओढ्याकाठी लोटून देत, नाहीतर ढीग करून सडू देत. प्रत्येक हंगामात झाडाने जमिनीतून उचललेले नत्र आणि पालाश यांचा मोठा वाटा असा दुर्गंधीत जाई.

कॉफीचे झाड वीस-तीस वर्षे आणि त्याहून अधिकही एकाच जागी उभे असते. ज्वारी-गव्हासारखी त्यात फेरपालट करता येत नाही. त्याची अन्न घेणारी मुळे बरीचशी वरच्या थरात असतात. मळे डोंगरउतारावर. तण दिसले की खुरपून जमीन लख्ख उघडी ठेवायची, ही मळेवाल्यांची शिस्त. म्हणजे पहिल्या जोरदार पावसात वरची सुपीक माती वाहून चाललीच. त्यातून कॉफीला एक खोड आहे. एखाद्या वर्षी ती शक्तीबाहेर फळते, आणि मग पुढच्या वर्षी फांद्या शेंड्याकडून वाळत जातात. जमिनीत दम नसेल तर हे दुखणे हटत नाही.

कॉफी मोडते तेव्हा देशच्या देश कसा मोडतो, हे सिलोनने पाहिले होते. १८६९ साली तिथे पानांवर तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके दिसले आणि वीस-एक वर्षांत कॉफीचा तो भरभराटीचा धंदा जवळजवळ संपला. तिथला चहा त्याच ओसाड झालेल्या मळ्यांवर उभा राहिला. आपल्याकडे म्हैसूर संस्थानात, चिकमगळूरच्या डोंगरांत, हाच तांबेरा होता. म्हणून १९२५ साली बाळेहोन्नूर इथे कॉफीचे कायमचे संशोधन केंद्र निघाले, आणि तांबेऱ्यापुढे टिकणारे वाण शोधण्याचे काम सुरू झाले. केनियातही १९३०च्या दशकात नैरोबीजवळच्या काबेटे इथल्या स्कॉट प्रयोगशाळेत कॉफीची झाडे निवडण्याचे काम चालले होते. जगभर आज नावाजलेला 'एसएल २८' हा वाण तिथला. त्यातले 'एसएल' म्हणजे स्कॉट लॅबोरेटरीज.

म्हणजे कॉफीचे पीक सुधारण्याचे दोन रस्ते एकाच काळात चालू होते. एक बियाण्याचा, दुसरा मातीचा. बाळेहोन्नूर आणि काबेटे पहिल्या रस्त्यावर होते. दुसऱ्या रस्त्याची खूण मात्र इंदूरहून गेली.

किंगाटोरीचा मळा

१९३१ साली हॉवर्ड इंदूर सोडून विलायतेला परतले. आदल्या वर्षी गॅब्रिएलबाई वारल्या होत्या. त्याच १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने इंदूरच्या खतावरचे पुस्तक छापले. शेतीतल्या टाकाऊ वस्तू आणि त्यांपासून सेंद्रिय खत, असा त्याचा विषय. पुस्तक निघाले आणि पहिली दखल कापसाच्या शेतकऱ्यांऐवजी कॉफीच्या मळेवाल्यांनी घेतली. मळ्यांच्या पिकांत इंदूर पद्धत पहिल्यांदा उचलली ती कॉफीने, असे हॉवर्ड यांनी स्वतःच नोंदवले आहे. चहा नंतर आला.

आफ्रिकेतला पहिला मळा नैरोबीपासून काही मैलांवरचा, किंगाटोरी नावाचा. काम सुरू झाले फेब्रुवारी १९३३मध्ये. योगायोग असा की हॉवर्ड तेव्हा आफ्रिकेच्या प्रवासात नैरोबीलाच होते आणि तिथली प्रसिद्ध खचदरी बघायला निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात किंगाटोरीचे व्यवस्थापक मेजर बेल्चर भेटीला आले. मळ्याचे मालक मेजर ग्रोगन यांनी इंदूर पद्धतीने सगळ्या टाकाऊ मालाचे खत करायचा हुकूम दिला आहे, तर प्रत्यक्ष येऊन दाखवा, असे त्यांनी सांगितले. हॉवर्ड यांनी खचदरी सोडली आणि तो दिवस मळ्यावर घालवला. झाडांची आणि मातीची कळा पाहताच जमिनीला कशाची भूक आहे हे त्यांच्या ध्यानात आले.

पुढच्या सव्वादोन-अडीच वर्षांत या एका मळ्यावर १,६६० टन खत तयार झाले. रोजचे जवळजवळ दोन टन म्हणा. त्यात सुमारे दीड टक्का नत्र होते, म्हणजे एकंदर पंचवीस टनांच्या आसपास नत्र मळ्याच्या घरच्याच कचऱ्यातून जमिनीत परत गेले. खर्च टनाला ४ शिलिंग ४ पेन्स, आणि तोही मुख्यतः माल गोळा करून आणण्याचा. केनियातल्या इतर मळ्यांवरून, युगांडातून, टांगानिकातून, ऱ्होडेशियातून, बेल्जियन काँगोतून माणसे हे काम बघायला येऊ लागली. केनियाच्या शेतीखात्यातही कंपोस्टवर काम सुरू झाले. माळव्याच्या गाडीरस्त्यावर पऱ्हाट्या चेंगरून शोधलेली ही रीत आता लाल मातीच्या डोंगरावर कॉफीच्या सालींना लावली जात होती.

इतिहास लिहायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. हे ग्रोगन म्हणजे वसाहतीच्या काळातले बडे प्रस्थ. केपटाऊनपासून कैरोपर्यंत आफ्रिका उभी ओलांडल्याबद्दल त्यांचे नाव झाले होते, आणि १९०७ साली नैरोबीत न्यायालयासमोर आफ्रिकी माणसांना स्वतःच्या हाताने फटके मारल्याबद्दलही ते इतिहासात नोंदले गेले आहेत. नैरोबीभोवतीच्या सुपीक जमिनी किकुयू लोकांकडून गेलेल्या, आणि त्या जमिनींवर राबणारे हात आफ्रिकी. त्या हातांना स्वतःच्या शेतात कॉफी लावायची मुभा नव्हती. ती मिळू लागली १९३०च्या दशकाच्या मध्यावर, तीही मोजक्या भागांत आणि मोजून-मापून. टनाला चार शिलिंग चार पेन्स हा आकडा वाचताना खड्ड्यातले खत खालीवर करणाऱ्या मजुराच्या पदरात त्यातले काय पडले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. इंदूरला संस्था चालवताना मजुरी वेळेवर, कामाचे तास कमी आणि राहायची सोय नीट, यांवर हॉवर्ड यांचा कटाक्ष असे. मळेवाल्यांनी इंदूरची खताची रीत उचलली. मजुरांना वागवण्याची रीत उचलली असती तर ते नाव अधिक शोभले असते.

कोस्टारिका, आणि मर्यादा

अमेरिका खंडात ही पद्धत पहिल्यांदा रुजली ती कोस्टारिकात, आणि तीही कॉफीसाठी. तिथल्या कॉफी संरक्षण संस्थेचे संचालक मारियानो मॉन्टेआलेग्रे यांनी हॉवर्ड यांचे लेखन स्पॅनिशमध्ये आणले आणि मळेवाल्यांपर्यंत पोचवले. इंदूर हे नाव स्पॅनिश बोलणाऱ्या कॉफीवाल्यांच्या तोंडी गेले ते असे.

पुढे १९४० साली हॉवर्ड यांचे 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' निघाले. ते वाचून अमेरिकेत रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, आणि इंग्लंडमध्ये १९४६ साली सॉइल असोसिएशन उभी राहिली. आज दुकानात 'ऑरगॅनिक' असे छापलेली कॉफी आपण चढ्या भावाने घेतो, त्या शब्दाच्या वंशावळीत आपल्या गावाचे नाव बरेच वरच्या पिढीत आहे.

तरी गावाच्या अभिमानापायी अतिशयोक्ती नको. निरोगी मातीत वाढलेले पीक रोगाला बळी पडत नाही, अशी हॉवर्ड यांची ठाम समजूत होती, आणि रासायनिक खतांवर त्यांचा रोष होता. त्यांच्याच काळातल्या अनेक शास्त्रज्ञांना हे पटले नाही, आणि कॉफीच्या बाबतीत ते पुरते खरेही ठरले नाही. तांबेरा खतवलेल्या झाडावरही येतो. केनियात १९२२ साली बोंडे काळी पडण्याचा जो रोग दिसला, तो नुसत्या खताने हटला नाही. त्यासाठी फवारणी लागली आणि पुढे रुईरू इथल्या संशोधन केंद्राला १९८०च्या दशकात 'रुईरू ११' हा रोगाला तोंड देणारा वाण काढावा लागला. आपल्याकडेही बाळेहोन्नूरच्या 'एस ७९५' या वाणाने १९४०च्या दशकात शेतकऱ्यांना हात दिला तो बियाण्याच्या रस्त्याने.

पण उलट बाजूनेही तितकेच खरे आहे. वाण कितीही चांगला असो, उतारावरची माती वाहून गेली, ओल धरेना, मुळांना खायला मिळेना, तर तो फळणार कशाच्या जोरावर? आजही कॉफीची साल कुजवून मळ्याला परत देण्याचा सल्ला जाणकार देतात, आणि ओढे घाण होऊ नयेत म्हणून तर तो अधिकच महत्त्वाचा झाला आहे. बियाणे आणि माती ही जोडी आहे. एकाने दुसऱ्याचे काम करावे अशी अपेक्षा धरली की फसगत होते.

वाडांचे नाव

आता त्या पुस्तकाकडे परत येऊ. १९३१च्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक नाव नाही, दोन आहेत. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे इंदूरच्या संस्थेत रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक. आडनाव वाचल्यावर ते कुठल्या भाषेच्या घरचे, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

हॉवर्ड विलायतेला गेले, १९३४ साली 'सर' झाले, व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली. वाड इंदूरला राहिले. आणि इंदूरला राहून ते स्वस्थ बसले नाहीत. १९३४ साली संस्थेचे नवे संचालक जॅक्सन आणि वाड या दोघांच्या नावाने एक पत्रिका निघाली. तिचा विषय कॉफी नव्हे, कापूसही नव्हे. वस्तीतला कचरा आणि मैला यांची आरोग्याला धोका न होता विल्हेवाट लावून इंदूर पद्धतीने त्याचे खत कसे करावे, हा तिचा विषय. म्हणजे शेताच्या उकिरड्यावर सापडलेली किल्ली त्यांनी शहराच्या उकिरड्याला लावून पाहिली. पुढल्याच वर्षी, १९३५च्या एप्रिलमध्ये, हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही संस्था आणि तिथले खताचे काम मुद्दाम पाहिले. खेड्यांच्या सफाईचा ध्यास घेतलेल्या गांधीजींना यात गोडी वाटली नसती तरच नवल.

आज इंदूर पद्धतीवर कुठेही काही वाचा, जनक म्हणून एकट्या हॉवर्ड यांचे नाव सापडते. त्यांची थोरवी आम्हाला कमी करायची नाही. पद्धतीमागची दृष्टी त्यांचीच होती, आणि त्या काळात आपल्या हिंदी साहाय्यकाचे नाव पुस्तकावर स्वतःच्या बरोबरीने छापणारे साहेब फार नव्हते. वाडांचे नाव हॉवर्ड यांनी गाळलेले नाही. ते गळले मागाहून, दुसऱ्यांच्या हातून, एकाने लिहिलेले दुसऱ्याने उतरवून घेताना. आमची सारी नोकरी सरकारी कचेरीत गेली आहे. कच्चा मसुदा कोणाच्या टेबलावर तयार होतो आणि शेवटी सही कोणाची होते, हे आम्हाला नव्याने शिकायचे नाही. म्हणून तर वाटते की मसुद्यावर नाव असतानाही ते पुसले जावे, ही चूक निदान आपल्या गावाने करू नये. केनियातल्या किंवा कोस्टारिकातल्या माणसाला वाड ठाऊक नसले तर त्याला दोष देता येणार नाही. इंदूरच्या मराठी माणसाला ठाऊक नसावेत, याला मात्र काही उत्तर नाही.

आपल्या घरांतून होळकरांच्या लढायांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पण संस्थानात आलेली मराठी माणसे केवळ शिलेदार आणि कारकून नव्हती. त्यांतले काही प्रयोगशाळेत परीक्षानळ्या घेऊन शेणातले नत्र मोजत होते. ते कामही आपल्याच इतिहासाचा भाग आहे, आणि जगाच्या शेतीवर त्याचा ठसा तलवारीपेक्षा कमी उमटलेला नाही.

आजचा उकिरडा

संस्थेची ती जागा आज कृषी महाविद्यालयाची आहे. भोवती शहर कितीतरी वाढले आहे. याच शहराने २०१७पासून स्वच्छतेच्या देशव्यापी सर्वेक्षणात सलग पहिला क्रमांक राखला. ओला आणि सुका कचरा दारातच वेगळा करण्याची सवय घराघरांना लागली, आणि देवगुराडिया इथे ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ साली सुरू झाला. परगावचे पाहुणे हे बघायला येतात तेव्हा आपण अभिमानाने सांगतो की इंदूरने हे अलीकडे करून दाखवले. त्यात एक वाक्य जोडायला हरकत नाही. शहराच्या कचऱ्याचे खत करण्यावरची पत्रिका याच गावातून १९३४ साली निघाली होती.

गणेशोत्सव म्हटला की दुर्वा, शमी, केवडा, केळीचे खांब, आंब्याचे टाळे, हार आणि पत्री आल्याच. दहा दिवसांत मंडळाच्या मांडवात जमणारे निर्माल्य काही थोडे नसते. आपण ते श्रद्धेने वेगळे ठेवतो आणि विसर्जनाच्या दिवशी महापालिकेच्या गाडीत देतो. आमची सूचना साधी आहे. यंदा त्यातले निम्मे तरी मंडळाच्या आवारात ठेवावे. एक उथळ खड्डा, हारांतला दोरा आणि जर काढून टाकलेले निर्माल्य, वाळका पाला, थोडी राख, थोडी माती, गोशाळेतून आणलेले घमेलेभर शेण, आणि पाणी. पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी खालीवर करायला चार तरुण मुले. पौष उजाडण्याच्या सुमारास काळे खत हाती येईल, ते सभासदांच्या कुंड्यांना वाटून टाकावे.

खड्ड्याजवळ एक लहानशी पाटी लावावी. 'इंदूर पद्धत, हॉवर्ड आणि वाड, १९३१' एवढे तीवर पुरे. मुले विचारतील, हे वाड कोण? तेव्हा सांगायला घरात कोणीतरी असले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गणपती बाप्पा मोरया!